घरात अडकून पडल्यावर कृतज्ञता जपायची कशी: आधी नोंद, मग शब्द, मग नेम, मग दान

पाय प्लास्टरमध्ये असतो, पाठीला पट्टा असतो, किंवा डॉक्टरांनी "पलंग सोडायचा नाही" असं बजावलेलं असतं. भेटायला आलेला प्रत्येक जण उठताना म्हणतो, "देवाचे आभार मान, थोडक्यात निभावलं." तो मनापासून म्हणतो. आपण मान डोलावतो आणि तो गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. आभार मानायचे म्हणजे नेमकं काय करायचं, कधी आणि कुणापाशी, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

मी नाशिकला पंचवटीत राहते. आषाढी एकादशीच्या चार दिवस आधी ओल्या जिन्यावरून घसरले, नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत पट्टी आणि स्क्रू बसले. पार कार्तिकी एकादशीपर्यंत, म्हणजे अख्खा चातुर्मास, मी उंबरठा ओलांडला नाही. त्यानंतर ओळखीपाळखीत कुणी असं अडकलं की मला फोन येतो, आणि प्रत्येक घरात तोच गोंधळ दिसतो. क्रम उलटा लागलेला असतो. पहिल्या दिवशी नवस बोलून होतो, दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी संस्थेला पैसे जातात, तिसऱ्या दिवशी वहीत वीस मुद्द्यांची यादी होते आणि चौथ्या दिवशी सगळं बंद पडतं. या चार दिवसांत पलंगाखालचं भांडं उचलणाऱ्या सुनेला मात्र एक शब्द सांगितलेला नसतो.

म्हणून हा क्रम लिहून देते. आधी अंग, मग नोंद, मग घरच्यांशी बोलणं, मग देवाचा नेम, आणि शेवटी दान. यातला एकही टप्पा गाळू नका, मागेपुढेही करू नका.

## सुरुवातीआधी: हाताशी काय हवं

तयारीला एक दुपार पुरते, पण ती घरातल्या दुसऱ्या कुणी तरी करायची आहे, हे लक्षात घ्या. आडव्या माणसाला वही शोधायला उठता येत नाही.

पलंग खिडकीकडे फिरवता येत असेल तर फिरवून घ्या. आमच्याकडे पलंग फिरवल्यावर समोरच्या घराची गच्ची आणि पारिजातकाचा शेंडा दिसायला लागला, तेवढ्यानेही दिवसाला सकाळ-संध्याकाळ आली. उजव्या हाताला (डावखुरे असाल तर डाव्या) एक स्टूल ठेवा. त्यावर पाण्याची बाटली, चष्मा, औषधांचा डबा, घंटी आणि एक साधी शंभर पानी वही. पेन वहीला दोऱ्याने बांधा. हे हसण्यावारी नेऊ नका, पेन पलंगाखाली गेलं की दोन दिवस वही उघडली जात नाही, हा अनुभव आहे. पलंगाशेजारी एक रिकामी खुर्ची कायम राहू द्या. तिच्यावर कपड्यांच्या घड्या ठेवू नका, ती माणसाला बसण्यासाठी आहे.

तपासा: हात लांब करून वही, पाणी आणि घंटी या तिन्ही वस्तू कुणालाही हाक न मारता मिळतात का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा १: पहिले आठ दिवस फक्त दुखणं आवरा

पहिल्या आठवड्यात कृतज्ञतेचा कुठलाही प्रयोग नको. दुखणं ठणकत असताना वहीत "मी भाग्यवान आहे" असं लिहिलं तर मन ते खोटं म्हणून नाकारतं, आणि पुढे खरं लिहायची वेळ येते तेव्हाही त्या वहीचा राग येतो. या आठ दिवसांत औषधं घड्याळाप्रमाणे घ्या, झोप घ्या, डॉक्टरांनी सांगितलेले पायाच्या बोटांचे, घोट्यांचे, श्वासाचे व्यायाम करा. कूस बदलता येत नसेल तर घरच्यांनी साधारण दर दोन तासांनी बदलून द्यावी, नाही तर पाठीला आणि टाचेला जखमा होतात. वेदनाशामक गोळी "सहन होतंय" म्हणून चुकवू नका.

घरच्यांसाठीही एक सूचना आहे. या दिवसांत आजाऱ्याला "इतरांकडे बघ, त्यांचं किती वाईट आहे" असं म्हणू नका. मला एका नातलगांनी पाय कापावा लागलेल्या कुणाची तरी हकिकत तासभर सांगितली होती. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्याच्या दुःखाशी तुलना करून जे समाधान येतं त्यात भीती मिसळलेली असते. या सगळ्या क्रमात तुलना कुठेच नाही, ती कायमची वगळा.

सावध: दोन आठवडे उलटूनही झोप नाही, जेवणावरची वासना गेली आहे, कशातच जीव रमत नाही, किंवा जगून काय उपयोग असे विचार येतात, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर वही हा उपाय नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मराठीतही मिळते. फोन घरच्यांनी लावून दिला तरी चालतो.

## टप्पा २: हातांची वही

आता वही उघडा. वहीत आभार लिहायचे नाहीत, हात लिहायचे. आज माझ्यासाठी कुणाच्या हातांनी काय केलं, एवढंच. रोज एकाच गोष्टीची एक ओळ, नेमकेपणासाठी लागल्या तर तीन-चार.

ओळीत तीन गोष्टी असल्या पाहिजेत: कोण, काय केलं आणि कसं केलं. बहुतेक जण तिसरी गोष्ट सोडतात, आणि खरी जाणीव तिथेच असते. माझ्या वहीतली पहिली नोंद होती: "यांनी चहा दिला." ती वाचून काहीच वाटलं नाही, कारण चहा ते तीस वर्षं देत आले आहेत. दुसऱ्या दिवशी मी नीट बघितलं. आडवं असताना कपातला चहा गळ्यावर सांडतो, म्हणून ते तो बशीत ओततात, दोनदा फुंकर घालतात, स्वतःच्या ओठाला लावून बघतात, मग डावा हात माझ्या मानेखाली घालतात आणि बशी अशी तिरकी धरतात की काठ नेमका ओठांना लागावा. चहा संपेपर्यंत त्यांचा हात अवघडून थरथरत होता आणि ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. हे लिहायला चार ओळी लागल्या. ते पान आजही उघडलं की तो थरथरणारा हात दिसतो.

आणखी एक नोंद देते, म्हणजे आकार कळेल: "पाऊस कोसळत होता. नातू घाटापर्यंत जाऊन आला, फक्त मला सांगायला, की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत चढलंय. पायपुसण्यावर उभा राहून, ओल्या अंगानेच सांगितलं." गोदेला पूर आला की नाशिककर त्या मारुतीकडे बघून पाणी मोजतात. मला बघता येत नव्हतं, म्हणून त्या पोराने बघून आणलं. "नातू प्रेमळ आहे" असं लिहिलं असतं तर यातलं काहीच उरलं नसतं.

रोज लिहायचं की आठवड्याला, असं मला सगळे विचारतात. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली यावरचे तीन प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एकात मज्जातंतू-स्नायूंच्या आजाराच्या रुग्णांनी २१ दिवस रोज लिहिलं आणि त्यांची मनःस्थिती सुधारलेली आढळली. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या गटाने सहा आठवड्यांच्या प्रयोगात पाहिलं, की आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. सवय झाली की धार जाते. मी दोन्हींतून माझी रीत काढली: पहिले २१ दिवस रोज एक ओळ, नजर तयार व्हावी म्हणून. त्यानंतर आठवड्यातून एकदाच, पण सविस्तर. माझा वार बुधवार होता, कारण त्या दिवशी हे गोदाघाटावरच्या बाजारातून भाजी घेऊन येत आणि तिथली सगळी खबर सांगत.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. वही उलटी करा आणि शेवटच्या पानापासून दुसरी नोंद सुरू करा. तिचं नाव "बोच". कुणी हाक मारून अर्धा तास आलं नाही, कुणी माझ्यादेखत "अजून किती दिवस?" असं विचारलं, ते तिथे लिहायचं. रोज नाही, बोचेल तेव्हा. ही जागा नसेल तर रुसवा पुढच्या पानांत शिरतो आणि आभार टोमण्यासारखे उतरतात. "आज तरी वेळेवर जेवण दिलं" ही नोंद कृतज्ञता म्हणून लिहिलेली मी पाहिली आहे.

इथे चुकतं:
- यादी लांबवणं. दहा वस्तूंची यादी म्हणजे किराणा. एकच गोष्ट, पण जवळून बघितलेली.
- वही दुसऱ्याला दाखवण्यासाठी लिहिणं, किंवा तिचे फोटो ग्रुपवर टाकणं. ज्याचं नाव आलं नाही तो दुखावतो.
- झोपायच्या आधी लिहिणं. बऱ्याच आजाऱ्यांना रात्री दुखणं वाढल्यासारखं वाटतं, तेव्हा लेखणी कडवट होते. सकाळचं पुसणं-वेणीफणी झाल्यावर लिहा.

तपासा: २१ दिवसांनी वही चाळा. किती वेगवेगळी माणसं आली? एकाच माणसाचं नाव सतत येत असेल तर ते माणूस थकलं आहे. पुढच्या टप्प्याची सुरुवात त्याच्यापासून करा.

## टप्पा ३: घरात बोलून दाखवणं

हा टप्पा लोक सर्रास टाळतात. आपल्या घरांत आईला, नवऱ्याला, सुनेला "धन्यवाद" म्हणायची रीत नाही. म्हटलंच तर ते परकं वाटतं, आणि समोरचा म्हणतो, "आता काय परक्यासारखं बोलतेस!" "उपकार" हा शब्द तर वापरूच नका. त्याने समोरचा माणूस सावकार होतो आणि आपण कर्जदार.

मग बोलायचं कसं? वहीतली ओळ तशीच बोलून दाखवायची. मी सुनेला म्हटलं, "तू रात्री दोनला उठून भांडं देतेस तेव्हा दिवा लावत नाहीस, बॅटरी जमिनीकडे धरतेस. माझे डोळे दिपू नयेत म्हणून. माझ्या लक्षात आलंय ते." झालं. पुढे एक शब्द नाही. ती काही बोलली नाही, उशीची खोळ सारखी करत राहिली. मग म्हणाली, "आई, तुम्हाला जाग असते होय!" त्या दिवसापासून आमच्यात एक मोकळेपणा आला, तो लग्नानंतरच्या सहा वर्षांत आला नव्हता.

बोलण्याचा क्रम असा ठेवा:

१. जो सर्वांत नकोसं काम करतो त्याला आधी. भांडं देणारा, जखम पुसणारा, चादर बदलणारा. डबा आणून देणाऱ्या पाहुण्यांचे आभार आपण लगेच मानतो आणि हे राहून जातात.

२. एकटं गाठून बोला. चारचौघांत एका सुनेचं कौतुक केलं की दुसरीच्या पोटात दुखतं, आणि दोष आपला असतो.

३. कौतुकाला मागणी जोडू नका. "तू किती करतेस गं, जरा पाणी दे ना" यातला पहिला भाग वाया जातो. दोन्हींत निदान तासाभराचं अंतर ठेवा.

४. कामाला येणाऱ्या मावशींना विसरू नका. तुमच्या आजारपणात त्यांचं काम वाढलेलं असतं. त्यांच्याशी गोड बोलणं पुरेसं नाही, वाढलेल्या कामाचे पैसे वाढवून द्या, मागायची वाट न बघता.

५. दूरच्या माणसाला पत्र लिहा किंवा फोन करा. माझी जाऊबाई सिन्नरहून दर रविवारी एसटीने येऊन माझे केस धुऊन द्यायची. तिला मी दोन पानी पत्र लिहिलं. लिहिताना संकोच वाटत होता की तिला नाटकी वाटेल. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. असं पत्र लिहिणारे समोरच्याला किती अवघडल्यासारखं होईल याचा अंदाज फार वाढवून करतात, आणि त्याला किती आनंद होईल हे कमी धरतात. जाऊबाईने ते पत्र देव्हाऱ्यात ठेवलं आहे.

आणि बोलण्याहून मोठी एक गोष्ट: सुट्टी. सेवा करणाऱ्याला आठवड्यातून एक संध्याकाळ पूर्ण मोकळी मिळाली पाहिजे. त्या तीन तासांसाठी शेजारच्या काकूंना किंवा भाच्याला आधी बोलावून ठेवा. पहिल्या वेळी ते माणूस जायला तयार होत नाही. तरी पाठवा, आणि त्या तीन तासांत एकदाही फोन करू नका.

तपासा: गेल्या आठवड्यात प्रत्येक घरच्या माणसाला निदान एक नेमकी गोष्ट बोलून दाखवली का? सेवा करणारं माणूस एकदा तरी घराबाहेर जाऊन आलं का?

## टप्पा ४: अंथरुणाएवढा नेम

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण इथे शब्दशः घ्या. धडधाकट असताना जी पूजा करत होतात ती आता होणार नाही. ती होत नाही म्हणून अपराधी वाटतं, आणि त्या वाटण्यात देव दूर जातो. आंघोळ नाही, सोवळं नाही, जमिनीवर मांडी घालता येत नाही, मग नाव कसं घ्यायचं, असं मला एका आजींनी रडत विचारलं होतं. आमच्या वारकरी परंपरेत नामाला वेळकाळाचं आणि स्नानाचं बंधन नाही. ओल्या फडक्याने तोंड, हात, पाय पुसले की झालं.

नेम असा बांधा:

वेळ एकच. औषधाच्या वेळेला जोडून ठेवा म्हणजे चुकत नाही. माझी वेळ सकाळच्या गोळीनंतरची.

लांबी पाच मिनिटं. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी येणारं पसायदान नऊ ओव्यांचं आहे, सावकाश म्हटलं तरी दोन-तीन मिनिटांत होतं. आडव्या माणसासाठी मी तेच निवडायला सांगते, आणि त्याचं कारण लांबी एवढंच नाही. त्यातलं मागणं सगळं इतरांसाठी आहे. दिवसभर माझा पाय, माझी गोळी, माझं दुखणं एवढंच चाललेलं असताना ही दोन मिनिटं मन त्या पायावरून उठतं. तुमच्या घरात रामरक्षा असेल, नमाज असेल, बायबलचं वाचन असेल, ते घ्या. अवघडल्या शरीराला बसून किंवा पडून करण्याची मुभा जवळजवळ सगळीकडे आहे, आपल्या जाणत्यांना विचारा. देव न मानणाऱ्याने तेवढा वेळ डोळे मिटून, आज भेटलेली माणसं एकेक करून आठवावी.

आवाज स्वतःचा. हे मी आग्रहाने सांगते. दिवसभर मोबाइलवर आरत्या आणि थेट दर्शन लावून ठेवणं हा नेम नाही, तो मागे चाललेला आवाज आहे. दर्शन जरूर घ्या, काळारामाचं रूप पडद्यावर पाहूनही डोळे भरतात. पण मग मोबाइल पालथा ठेवा आणि ओठ हलवा.

घरच्यांना सोबत घ्या, पण बोलावू नका. मी म्हणायला लागले की आठवड्याभरात नातू दाराशी उभा राहून शेवटच्या दोन ओव्या म्हणायला लागला. बोलावलं असतं तर आला नसता.

नवसाबद्दल थोडं. "बरा झालो की वणीला पायी येईन, सप्तशृंगीच्या पायऱ्या चढेन" असा नवस वेदनेच्या भरात बोलला जातो. पाचशेहून जास्त पायऱ्या आणि प्लेट बसवलेला पाय! मग तो नवस मनावर ओझं होऊन बसतो. बोलून झाला असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांशी किंवा गुरुजींशी बोलून त्याचं रूप बदलून घ्या, आपल्याकडे तशी वाट आहे. नसेल बोललात तर बोलू नका. देवाशी सौदा केला की मिळालेल्याची जाणीव बाजूला राहते आणि फेडीचा हिशेब सुरू होतो.

सावध:
- घरात ऑक्सिजनचं यंत्र किंवा नळकांडं चालू असेल तर त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, धूप काहीही लावू नका. आग भडकते. देव्हारा दुसऱ्या खोलीत ठेवा.
- मच्छरदाणीजवळ दिवा नको.
- मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना एकादशी किंवा चतुर्थीचा उपास डॉक्टरांना न विचारता करू नका, साखर एकदम उतरू शकते. बऱ्याच वेदनाशामक गोळ्याही रिकाम्या पोटी चालत नाहीत.

## टप्पा ५: पलंगावरून दान

इथवर यायला मला सात आठवडे लागले. तोवर घेणंच चालू होतं: वेळ, श्रम, डबे, फळं. सतत घेत राहिलं की माणूस आतून खचतं, म्हणून देणं लागतंच. पण आधीचे टप्पे झाल्याशिवाय दिलं, तर ते अपराधीपणातून दिलेलं असतं आणि अंदाज चुकतो.

मूठ. जुनी रीत आहे. रोज भात टाकण्याआधी एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात काढायचा. तो डबा मी पलंगाशेजारच्या स्टुलावर आणून घेतला, सून रोज परात घेऊन येई आणि मूठ मी भरे. माझ्या मुठीने महिन्याला दीड किलोच्या आसपास तांदूळ जमला. दिवसभरातलं ते माझं एकमेव स्वयंपाकघरातलं काम होतं आणि मी त्याची वाट बघत असे. जमलेलं धान्य महिनाअखेर द्या, वर्षभर साठवू नका, पोरकिडे लागतात. किडके धान्य दानात घालायचं नाही.

हुन्नर. पैशांपेक्षा हे चांगलं, आणि अडकलेल्या माणसाकडे वेळ असतोच. आमच्या मावशींची मुलगी पाचवीत होती, भागाकाराला घाबरायची. ती शाळेतून येऊन पलंगाच्या कडेवर बसायची. पाटी ठेवायला जागा नव्हती, तर तिने माझ्या प्लास्टरवरच टेकवली. मी दचकले, पण दुखलं नाही. मग रोज तीच जागा ठरली. बाकी चुकली की ती खडूने प्लास्टरच्या कडेला एक टिंब काढायची. प्लास्टर कापलं तेव्हा त्याच्यावर टिंबांची रांग होती, वरच्या बाजूला दाट आणि खालपर्यंत येता येता विरळ. तुम्हाला विणकाम येत असेल, गोधडी शिवता येत असेल, अर्ज लिहून देता येत असेल, तर ते द्या. वाचून दाखवणंही देणंच आहे. शेजारच्या एका काकांची नजर अधू झाली होती, त्यांना मी फोनवरून रोज वीस मिनिटं वाचून दाखवायची. हे "सावाना"तून, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, पुस्तक बदलून आणायचे ते आम्हा दोघांच्या आवडीचं.

वस्तू. कपडे धुऊन, बटणं लावून, इस्त्री करून द्या. बटणं लावायचं काम पडल्या पडल्या होतं. अर्धवट उरलेली औषधं मात्र कुणालाही देऊ नका, विशेषतः प्रतिजैविकं आणि वेदनाशामक.

पैसे. आकडा घरच्यांशी बोलून ठरवा. आजारपणाचा खर्च अजून किती बाकी आहे हे माहीत नसताना दिलेलं दान पुढे मुलाला कर्ज काढायला लावतं. दानावरची आयकर सवलत (ओळखीचं नाव ८०जी) हवी असेल तर लक्षात ठेवा: ती जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि २,००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या दानावर मिळत नाही. पावती मागून घ्या.

सावध: घरात एकटं पडलेलं माणूस फसवणाऱ्यांना लगेच सापडतं. माझ्याही फोनवर एका अनाथ मुलीच्या ऑपरेशनसाठी मदत मागणारा आवाज आला होता. मी रडले, पैसे पाठवले, आणि ती मुलगी नव्हतीच. तेव्हापासून तीन नियम पाळते. फोनवरून आलेल्या मागणीला त्याच दिवशी पैसे नाहीत. घरातल्या दुसऱ्या माणसाने चौकशी केल्याशिवाय नाहीत. आणि "पैसे परत मिळवायला पिन टाका" असं कुणी म्हणालं की फोन बंद, कारण यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही, तो द्यायला लागतो. फसलात तर लाजू नका, ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा, जितकं लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

तपासा: दिल्यानंतर कुणाला तरी सांगावंसं वाटतंय का? वाटणं स्वाभाविक आहे. वहीत लिहा, ग्रुपवर नको. ज्या मुलीला शिकवलंत तिचं नाव तुमच्या चांगुलपणाच्या गोष्टीत यायला नको.

## मध्येच खंड पडला तर

पडणारच. मला मधे ताप आला आणि बारा दिवस वही, नेम, मूठ, सगळं थांबलं. मागचं भरून काढायचं नाही. वहीत तारीख घाला, "बारा दिवस ताप" एवढं लिहा आणि टप्पा २ पासून, एका ओळीने, पुन्हा सुरू करा. दान सर्वांत शेवटी परत येईल, घाई नको.

## टप्पा ६: उंबरठा ओलांडताना

डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली की आनंदात सगळं एकदम सुटतं. आधी ठरवून ठेवा की यातलं एकच पुढे चालू ठेवायचं. सगळं ठेवायला गेलात तर महिन्यात काहीच राहत नाही. मी मूठ ठेवली. मावशींची मुलगी आता सातवीत आहे आणि स्वतःहून येते, तो वेगळा भाग.

पहिल्यांदा बाहेर जाल ते जवळच जा, गर्दीच्या दिवशी जाऊ नका. मला रामकुंडावर जायचं होतं, पण तिथल्या ओल्या पायऱ्या नव्या पायासाठी नाहीत. आम्ही वरच रस्त्याकडेला रिक्षा थांबवली, मी आतूनच हात जोडले, आणि यांनी खाली जाऊन तांब्यात पाणी आणलं.

वॉकर, कमोडची खुर्ची, पाण्याची गादी या वस्तू माळ्यावर टाकू नका. भाड्याने किंवा अनामत भरून रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून आणल्या असतील तर त्याच आठवड्यात परत करा, कुणी तरी त्यासाठी रांगेत असतं. स्वतःच्या असतील तर पुढच्या माणसाला द्या, पण देण्यापूर्वी साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा आणि वॉकर उलटा करून त्याच्या चारही पायांची रबरी बुटं बघा. माझ्या वॉकरची दोन झिजून गुळगुळीत झाली होती. ओल्या फरशीवर तो घसरला असता. चारही नवी बसवली आणि मग शेजारच्या गल्लीत, कंबरेचं हाड मोडलेल्या एका काकूंकडे पाठवला. सोबत एक कोरी शंभर पानी वही, दोऱ्याने पेन बांधून.